गाभ्याची भाषा कशी ठरवावी : मुक्तस्रोत वेब प्लॅटफॉर्म सुरू करणाऱ्यांसाठी

चर्चामंच असो, ग्रंथालयाची सूची असो की शाळांसाठीची शिक्षणप्रणाली, नवा मुक्तस्रोत प्लॅटफॉर्म उभा करायचा ठरला की पहिल्याच बैठकीत त्याचा गाभा, म्हणजे मुख्य भाग, प्रोग्रामिंगच्या कोणत्या भाषेत लिहायचा यावरून वाद सुरू होतो. एकाला गो हवी, दुसऱ्याला रस्ट, तिसरा म्हणतो पीएचपीच बरी. थोड्याच वेळात सगळे वेगाच्या आलेखांपाशी येऊन थांबतात. वेगाचा विचार करायचाच आहे, पण तो नंतर. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. हे सॉफ्टवेअर तुमच्या मदतीशिवाय कोण बसवणार? आणि पाच वर्षांनी त्यातली चूक कोण दुरुस्त करणार? खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १ : गाभ्यात काय आणि बाहेर काय

आधी एक पान घ्या आणि गाभ्याच्या हद्दी लिहा. खाती आणि लॉगिन, परवानग्या, मुख्य माहितीची रचना, डेटाबेसची मायग्रेशन (रचना बदलण्याच्या पायऱ्या), प्लगइनना म्हणजे बाहेरून जोडायच्या भागांना अडकायला हुक, बाहेरच्या ॲपसाठी एपीआय (माहिती मागण्याची ठरलेली वाट) आणि मागे रांगेत चालणारी ईमेलसारखी कामे, हे सगळे गाभ्यात येते. चित्रे लहान करणे, व्हिडिओचे रूपांतर, शोध आणि थेट सूचना बाहेर ठेवता येतात.

ही हद्द आखली की निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण बाहेरच्या भागाला वेगळी भाषा चालते. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा गाभा रुबी ऑन रेल्सवर, म्हणजे रुबी भाषेतल्या तयार फ्रेमवर्कवर आहे, पण वाचकाच्या पडद्यावर नवे संदेश थेट ढकलणारा भाग नोड-जेएसमध्ये आहे. ओपनस्ट्रीटमॅपचे संकेतस्थळही रेल्सवर चालते. तिथे नकाशाचा तुकडा मागणाऱ्या एपीआय विनंत्यांचा भार मोठा असतो, म्हणून तेवढ्याच विनंत्या सी-जीआय-मॅप नावाचा सी प्लस प्लसमधला वेगळा प्रोग्राम हाताळतो. बाकीचे संकेतस्थळ कोणी पुन्हा लिहायला घेतले नाही.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवा. मीडियाविकी या विकिपीडियामागच्या सॉफ्टवेअरचा पार्सॉइड हा विकिमजकुराचे एचटीएमएल करणारा भाग आधी जावास्क्रिप्टमध्ये, स्वतंत्र सेवा म्हणून लिहिला होता. २०१९ मध्ये तो पीएचपीत आणला गेला. मजकुराचे रूपांतर हे विकीच्या काळजाचेच काम, आणि ते दुसऱ्या भाषेत असले की गाभ्याशी सतत नेटवर्कवरून बोलावे लागते, शिवाय छोट्या विकी चालवणाऱ्यांना एक जास्तीची सेवा सांभाळावी लागते. म्हणून हद्द आखताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा : हा भाग बंद पडला तर प्लॅटफॉर्म अर्धवट तरी चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो गाभ्यातच लिहा, गाभ्याच्याच भाषेत.

पायरी २ : बसवणाऱ्याचा सर्व्हर पाहा

तुमचा प्लॅटफॉर्म कोणत्या यंत्रावर चालणार, हे भाषेच्या निवडीतले सगळ्यात कठीण बंधन आहे. तीन प्रकार धरून चाला.

पहिला प्रकार शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांना दिलेल्या जागेचा. वापरणाऱ्याकडे सी-पॅनेल हे ब्राउझरमधले नियंत्रणपान आहे, फाइली चढवता येतात, एक मायएसक्यूएल डेटाबेस मिळतो, पण कमांड लाइन बहुधा मिळत नाही आणि कायम चालू राहणारी प्रक्रिया ठेवता येत नाही. इथे पीएचपीला खरा पर्याय नाही. पीएचपी प्रत्येक विनंतीला नव्याने सुरू होते, काम करते आणि संपते, म्हणून शेकडो ग्राहक एका यंत्रावर राहू शकतात. वर्डप्रेस, मूडल, नेक्स्टक्लाउड इतक्या दूर पोहोचले त्यात या एका गोष्टीचा मोठा वाटा आहे. तुमचे वापरकर्ते छोट्या संस्था, वाचनालये, शाळा असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. मागची कामे मात्र इथे क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीवर ढकलावी लागतात, आणि क्रॉन किती वेळाने चालेल हे होस्टिंगवाला ठरवतो. तेव्हा ‘ईमेल पाच मिनिटांनी गेले तरी चालेल’ अशीच रचना सुरुवातीपासून ठेवा.

दुसरा प्रकार एक-दोन जीबी मेमरीच्या भाड्याच्या व्हीपीएसचा, म्हणजे स्वतंत्र आभासी सर्व्हरचा. इथे काहीही चालते, पण प्रत्येक जास्तीचा घटक बसवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. डिस्कोर्स या चर्चामंचाचा गाभा रुबीत आहे. त्याला पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस, तात्पुरती माहिती मेमरीत ठेवणारे रेडिस आणि मागची कामे करणारी साइडकिक हे सगळे लागते, म्हणून त्यांनी स्थापनेची अधिकृत वाट डॉकरचीच ठेवली. सगळे एका पेटीत बांधून दिल्यामुळे ‘माझ्या रुबीची आवृत्ती वेगळी आहे’ हा प्रश्नच उरत नाही. पायथॉन किंवा रुबी निवडणार असाल तर ही बांधाबांध पहिल्या दिवसापासून कामाचा भाग समजा.

तिसरा प्रकार जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय यांचा. इथे गो शोभून दिसते. गिटी हा कोड साठवण्याचा प्लॅटफॉर्म एकाच फाइलीत येतो, ती चालवली की झाले. छोट्या चमूसाठी दोन कोअर आणि एक जीबी मेमरी पुरते असे त्यांच्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे. रेल्सवरच्या गिटलॅबला याच्या कित्येक पट मेमरी लागते, अर्थात ती कामेही कितीतरी जास्त करते.

मेमरीचा अंदाज कागदावरच करता येतो. पीएचपीच्या एका प्रक्रियेला साधारण ५० एमबी लागते असे धरा. एकाच वेळी २० विनंत्या झेलायच्या तर एक जीबी तिथेच गेली, डेटाबेसचा वाटा वेगळा. हा हिशेब न करता प्रक्रियांची कमाल संख्या ५० लिहून ठेवली की गर्दीच्या वेळी यंत्राची मेमरी संपते. मग लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारते आणि ती बहुधा डेटाबेसची असते. बसवणाऱ्याला फक्त ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढेच दिसते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

पायरी ३ : प्लगइन कोण लिहिणार

मुक्तस्रोत प्लॅटफॉर्म मोठा होतो तो भोवतीच्या प्लगइनमुळे, आणि इथे भाषांमधला फरक सर्वांत ठळक दिसतो. पीएचपी, पायथॉन, रुबी, जावास्क्रिप्ट या चालताना वाचल्या जाणाऱ्या भाषा आहेत. एक फोल्डर योग्य जागी टाकला की प्लगइन लागू. वर्डप्रेसमध्ये ॲक्शन आणि फिल्टर असे दोनच प्रकारचे हुक आहेत, आणि नवशिका माणूस दहा ओळींत काहीतरी चालू करून दाखवू शकतो. पुढे योगदान देणारे लोक याच वाटेने येतात.

गो आणि रस्टमध्ये ही सोय अशी आयती मिळत नाही. गोच्या मानक प्लगइन सुविधेत मुख्य प्रोग्राम आणि प्लगइन कंपायलरच्या एकाच आवृत्तीवर आणि सामाईक लायब्ररींच्या त्याच आवृत्त्यांवर बांधलेले असावे लागतात. विंडोजवर ती चालतच नाही. रस्टमध्ये स्थिर एबीआय नाही, म्हणजे वेगवेगळे बांधलेले भाग एकमेकांशी जुळतीलच याची हमी नाही. म्हणून मॅटरमोस्ट या गप्पांच्या प्लॅटफॉर्मसारखे गोमधले प्रकल्प प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालवतात आणि त्याच्याशी आरपीसीने, म्हणजे संदेश पाठवून बोलतात. हे सुरक्षित आहे, कारण प्लगइन कोसळले तरी गाभा उभा राहतो. पण प्रत्येक हुकसाठी संदेशाचे स्वरूप ठरवावे लागते, आणि प्लगइन लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी वेगळी बांधणी द्यावी लागते.

सोप्या वाटेचीही किंमत आहे. पीएचपीचे प्लगइन गाभ्याच्याच प्रक्रियेत, सगळ्या अधिकारांसह चालते. त्यातली एक चूक सगळे संकेतस्थळ उघडे करते. मधला मार्ग दोन ठिकाणी नीट दिसतो. विकिपीडियावरचे साचे फार गुंतागुंतीचे झाल्यावर मीडियाविकीने २०१३ पासून स्क्रिबंटो नावाच्या विस्तारातून लुआ भाषा दिली. वापरकर्ता लुआत मॉड्यूल लिहितो, ते बंदिस्त जागेत आणि ठरलेल्या वेळ-मेमरीच्या मर्यादेत चालते. दुसरे उदाहरण मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीचे. त्यांचे फ्रेमवर्क आणि त्यावरचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे. वेगळे ॲप लिहून जोडता येतेच, शिवाय प्रशासक ब्राउझरमधूनच छोटी सर्व्हर स्क्रिप्ट लिहू शकतो आणि ती मर्यादित केलेल्या पायथॉनमध्ये चालते. तुमच्या प्लॅटफॉर्मवर प्लगइनपेक्षा ‘छोटे बदल’ जास्त होणार असतील तर गाभा गोमध्ये ठेवून आत लुआसारखी भाषा द्या. हा पर्याय फार कमी लोक विचारात घेतात, आणि तो चांगला आहे.

पायरी ४ : वेग मोजा, पण वेळ कुठे जातो तेही मोजा

समजा एका पानाला १८० मिलिसेकंद लागतात. त्यातले १२० डेटाबेसमध्ये, २० नेटवर्कवर आणि ४० तुमच्या भाषेतल्या कोडमध्ये. भाषा दहापट वेगवान घेतली तर ३६ मिलिसेकंद वाचतील. योग्य जागी एक इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) घातला आणि यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला जाणारी वेगळी क्वेरी काढून टाकली तर डेटाबेसचे १२० चे २० होतील, म्हणजे १०० वाचले. मजकूर आणि याद्या दाखवणाऱ्या बहुतेक प्लॅटफॉर्मचे चित्र असेच असते.

चित्र बदलते ते दोन ठिकाणी. हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील, जसे गप्पांच्या प्लॅटफॉर्ममध्ये, तर गो किंवा एलिक्सिर मुळातच त्यासाठी घडलेल्या आहेत. किंवा प्रत्येक विनंतीत जड गणित असेल. मेट्रिक्स या संदेशव्यवस्थेचा सिनॅप्स सर्व्हर २०१४ पासून पायथॉनमध्ये आहे. २०२२ पासून त्यातले नेमके जड भाग रस्टमध्ये आणले गेले आणि बाकी पायथॉन तसेच राहिले. पायथॉन किंवा रुबीने सुरुवात केली म्हणजे दोर कापले गेले असे नाही, हे यातून दिसते.

पायरी ५ : ‘दऱ्या’ ही चाचणी

मराठी मजकूर हाताळणाऱ्या कोणत्याही प्लॅटफॉर्मसाठी ही पायरी वगळू नका. इंग्रजीवर तपासलेला गाभा नेमका इथेच मोडतो.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या. डोळ्याला दोन अक्षरे दिसतात. आत द, ऱ, हलन्त, य आणि काना असे पाच कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. आता लांबी विचारा. पायथॉन, रुबी आणि जावास्क्रिप्ट ५ सांगतात. गो, रस्ट आणि पीएचपीचे साधे स्ट्रलेन १५ सांगतात. खरी दोन अक्षरे हवी असतील तर ग्राफीम, म्हणजे डोळ्याला एकसंध दिसणारे अक्षर, मोजणारी सोय लागते : पीएचपीत इंटल विस्तार, जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, म्हणून जुनी लायब्ररी इथे ३ सांगेल.

हे न पाहता ‘सारांशासाठी पहिले २०० बाइट घ्या’ असे लिहिले की अक्षर मधेच तुटते. पीएचपीत अशा तुटक्या मजकुराचे जेसन (माहिती पाठवण्याचे स्वरूप) करायला गेलात तर पूर्ण उत्तराच्या जागी फॉल्स मिळते आणि पान कोरे येते. पोस्टग्रेसक्यूएल तो मजकूर स्वीकारतच नाही.

पुढचा खड्डा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरातला साचा ओळखण्याच्या नियमांचा. वापरकर्त्याच्या नावासाठी किंवा टॅगसाठी सगळेजण ‘शब्दातले अक्षर’ या अर्थाचा स्लॅश-डब्ल्यू वापरतात. जावास्क्रिप्ट, गो आणि रुबीत तो फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा ओळखतो. पायथॉन ३ मध्ये तो देवनागरी मुळाक्षरे घेतो पण काना, मात्रा आणि हलन्त सोडतो, त्यामुळे ‘दऱ्या’चे ‘दऱ’ आणि ‘य’ असे दोन तुकडे होतात. रस्टची रेजेक्स लायब्ररी मात्र चिन्हांसकट पूर्ण शब्द पकडते. उपाय सोपा आहे, नियमात अक्षरांचा वर्ग आणि चिन्हांचा वर्ग दोन्ही स्पष्ट लिहायचे. पायथॉनच्या मानक मॉड्यूलमध्ये ते वर्ग लिहिता येत नाहीत, त्यासाठी रेजेक्स नावाचे बाहेरचे पॅकेज घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट शोधाची. अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : कोणी ऱ आणि हलन्त वापरते, तर कोणाचा कीबोर्ड र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकमेकांना सापडत नाहीत. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करणारे युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. कोणी शोधाआधी तो अदृश्य जोडक सरसकट काढून टाकला, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगराच्या बातमीत समुद्र येतो. म्हणून साठवण्याआधी र, हलन्त, जोडक या क्रमाचे ऱ आणि हलन्त करून घ्यायचे. हा नियम प्रत्येक प्लगइनच्या हवाली न करता गाभ्यातच ठेवा.

शेवटी क्रमवारी. कोडपॉइंटच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. हे काम भाषेकडून करून घेण्यापेक्षा डेटाबेसच्या आयसीयू कोलेशनकडे (त्या त्या भाषेच्या क्रमवारीच्या नियमांकडे) द्या. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ती सोय दहाव्या आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ-८-एमबी-४ च घ्या. जुन्या तीन बाइटच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी मावते म्हणून सगळे ठीक वाटते, आणि पहिली इमोजी आली की नोंद अडते.

पायरी ६ : भाषा कोणाच्या हातात आहे

विकिपीडिया २००१ मध्ये यूजमॉडविकी या पर्लमधल्या प्रोग्रामवर सुरू झाला आणि २००२ मध्ये पीएचपीवर आला. २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने वेगासाठी फेसबुकचे एचएचव्हीएम हे इंजिन घेतले. २०१७ मध्ये फेसबुकने जाहीर केले की ते यापुढे स्वतःच्या हॅक भाषेवर लक्ष देणार आणि पीएचपीशी सुसंगतता सोडणार. तोवर पीएचपी ७ स्वतःच पुष्कळ वेगवान झाली होती. २०१९ मध्ये विकिमीडिया मूळ पीएचपीवर परतले. परतता आले, कारण कोड साध्या पीएचपीतच राहिला होता. एका कंपनीच्या हातातल्या इंजिनावर स्वार होताना त्याची खास वैशिष्ट्ये गाभ्यात शिरू द्यायची नाहीत, एवढे पथ्य पाळले तर हा मार्ग उघडा राहतो.

आवृत्त्यांचे आयुष्यही पाहा. पायथॉनची प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, पीएचपीची आता चार. गोची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि पुढच्या दोन आल्या की जुनीचा आधार संपतो. मात्र गो १ ने २०१२ मध्ये जुना कोड चालत राहील असे वचन दिले आहे, आणि बसवणाऱ्याच्या यंत्रावर गो लागतही नाही. पीएचपी आणि पायथॉनमध्ये ती आवृत्ती त्याच्या यंत्रावर असावी लागते. म्हणून किमान आवृत्ती ठरवताना चालू उबुंटू एलटीएस आणि डेबियन स्टेबल या लिनक्सच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्ये काय मिळते ते पाहूनच ठरवा. उबुंटू २४.०४ मध्ये पायथॉन ३.१२ आणि पीएचपी ८.३ आहे. त्यापुढची मागितली तर बसवणाऱ्याला बाहेरची रिपॉझिटरी जोडावी लागते, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात.

अवलंबित पॅकेजेसबद्दल थोडेच. निवडीतल्या प्रत्येक भाषेत रिकामा प्रकल्प काढा, फक्त फ्रेमवर्क बसवा आणि अप्रत्यक्ष पॅकेजेससकट एकूण किती आली ते मोजा. नोडमध्ये आकडा शेकड्यांत जातो. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या नोडच्या पॅकेजभांडारातून काढले गेले आणि असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली, हे विसरू नका. नोड घेणार असाल तर लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि महिन्याला ठरलेला अद्ययावतीचा दिवस हवाच.

पायरी ७ : दोन भाषा, एकच फाळका

आता उरलेल्या दोन भाषांत तोच छोटा भाग लिहा. तिसरी घेऊ नका. लॉगिन, ५० नोंदींची यादी, एक प्रतिक्रिया, एक मायग्रेशन, मागून जाणारे एक ईमेल आणि एक हुक वापरणारे प्लगइन, एवढे पुरे. प्रत्येक भाषेला दोन आठवडे द्या. मग चार गोष्टी नोंदवा. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला फक्त लेखी सूचना देऊन बसवायला सांगा आणि तो कुठे अडला ते लिहा. आठ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर नवागताला पहिली चाचणी चालवायला किती वेळ लागतो ते पाहा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागला तर योगदान येणार नाही. रिकाम्या स्थितीतली मेमरी मोजा, आणि २० समांतर विनंत्यांवर सगळ्यात हळू पाच टक्के विनंत्यांना किती वेळ लागतो तेही.

हे काम चमूतल्या सगळ्यात अनुभवी माणसाला देऊ नका. त्याच्या हाती कोणतीही भाषा सोपी वाटते.

शेअर्ड होस्टिंग आणि पुष्कळ प्लगइन हवे असतील तर पीएचपी ८ आणि त्यातले लाराव्हेल किंवा सिम्फनी हे फ्रेमवर्क. फॉर्म, अहवाल, माहितीचे विश्लेषण असेल आणि भोवती पायथॉन येणारे लोक असतील तर पायथॉनमधले जँगो. एकट्या प्रशासकाने बसवून विसरून जावे असा प्लॅटफॉर्म असेल तर गो. रस्टमध्ये पूर्ण गाभा लिहिता येतो, लेमी हा चर्चेचा प्लॅटफॉर्म त्याचे उदाहरण आहे, पण अधूनमधून हातभार लावणाऱ्यांवर प्रकल्प उभा राहणार असेल तर आम्ही ती सुचवणार नाही. मेमरीतली माहिती कोण कधी वापरू शकते हे तपासणाऱ्या रस्टच्या ‘बॉरो चेकर’च्या नियमांशी झगडण्यातच नवागताचा पहिला महिना जातो. गाभा दोन भाषांत वाटून ‘दोन्हींचे फायदे’ घेण्याचा मोह टाळा. परवानगीचा नियम दोन ठिकाणी लिहिला जातो आणि कधीतरी एकाच ठिकाणी बदलला जातो. सुरक्षेची भोके अशीच पडतात.

ठरले की रिपॉझिटरीत निर्णयाची एक फाइल ठेवा : कोणते पर्याय होते, चाचणीचे आकडे काय आले, किमान आवृत्ती कोणती, आणि निर्णय कधी पुन्हा उघडायचा. ही शेवटची नोंद नेमकी हवी, उदाहरणार्थ ‘समांतर जोडण्या पाच हजारांवर गेल्या तर थेट सूचनांचा भाग वेगळा काढू’. मग पुढच्या वर्षी कोणी सगळे नव्या भाषेत लिहायचा प्रस्ताव आणला की त्याला ती फाइल दाखवा आणि तीच चाचणी नव्या भाषेत करून आकडे आणायला सांगा.